टनभर वजनाच्या घोड्यांची कुळकथा

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी आधी किंमत विचारत नाही. तो बैलाचे खूर बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावलं चालवून पाहतो आणि मग विचारतो, ‘कुठल्या रानातला?’ माळरानावर वाढलेला बैल काळ्या चिखलात कसा चालेल, हे त्याला त्या एका उत्तरातून कळतं.

युरोपातल्या अवजड घोड्यांबद्दल वाचताना मला सतत हा प्रश्न आठवतो. शायर, क्लाइड्सडेल, सफोक पंच, पर्शेरॉन, ब्रॅबंट ही नावं आपल्याला बहुधा ‘जगातला सर्वांत मोठा घोडा कोणता’ या सामान्यज्ञानाच्या प्रश्नात भेटतात. त्याचं उत्तर म्हणजे नुसता आकडा असतो. तेच ‘कुठल्या रानातला’ असं विचारलं, तर त्या घोड्याच्या पायावरचे केस, अंगाचा रंग, मानेची जाडी सगळं बोलू लागतं. म्हणून इथे आकडे देतो, पण लक्ष रानावर ठेवतो.

## उंचीचं माप

घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात. आपला हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. हा हँड मात्र तळव्याच्या रुंदीएवढा, बरोबर 4 इंच, म्हणजे दहा सेंटिमीटरहून किंचित जास्त. माप डोक्यापर्यंत घेत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत घेतात, कारण डोकं खालीवर होतं, तो उंचवटा होत नाही. आणि ‘16.2 हँड’ असं लिहिलेलं दिसलं तर तो दशांश समजू नये. त्याचा अर्थ 16 हँड आणि वर 2 इंच.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणारा थरोब्रेड साधारण 16 हँडांचा आणि साडेचारशे ते साडेपाचशे किलोंचा असतो. अवजड जातींचे घोडे 16 ते 18 हँडांचे, म्हणजे उंचीला वीतभरच जास्त. वजन मात्र आठशे किलोंपासून हजाराच्याही पुढे. खरा फरक उंचीत नसून हाडाच्या जाडीत, छातीच्या रुंदीत आणि मागच्या मांड्यांत आहे.

विक्रमच हवे असतील तर तीन नावं पुरेत. 1846 साली इंग्लंडमध्ये बेडफर्डशरला जन्मलेला सॅम्पसन हा शायर 21.2½ हँड भरला, जवळपास 220 सेंटिमीटर. त्याचं वजन 1,524 किलो नोंदलं आहे. अमेरिकेतल्या आयोवाचा ब्रुकलिन सुप्रीम हा बेल्जियन जातीचा घोडा 1928 ते 1948 असा जगला, त्याचं वजन 1,451 किलो होतं. आणि विस्कॉन्सिनचा बिग जेक, तोही बेल्जियन, 210 सेंटिमीटर उंचीचा, 2021 साली वारला.

या सगळ्या जातींना मिळून ‘कोल्ड ब्लड’ म्हणतात. रक्ताच्या तापमानाशी त्याचा काही संबंध नाही. शब्द स्वभावाचा आहे: थंड डोक्याचा, न बुजणारा. अरबी आणि थरोब्रेड हे ‘हॉट ब्लड’.

## चिलखती सरदारांचा घोडा?

अवजड घोड्यांची गोष्ट सांगताना हमखास सांगतात की, हे मध्ययुगीन चिलखती सरदारांच्या युद्धघोड्यांचे वंशज. चित्रपटांतही तसंच दिसतं. हाडं मात्र वेगळं सांगतात. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इसवी सन 300 ते 1650 या काळातली, 171 पुरातत्त्वीय स्थळांवर सापडलेली घोड्यांची सुमारे दोन हजार हाडं मोजली. त्यांचा निष्कर्ष असा की, त्या काळातले बहुतेक घोडे, अगदी युद्धाचे म्हणावेत असेही, 14.2 हँडांच्या आतले होते. आजच्या भाषेत त्यांना तट्टूच म्हणतील.

राजसत्तेची धडपडही हेच सुचवते. 1540च्या सुमारास आठव्या हेन्रीने कायदा केला की, 15 हँडांहून बुटका वळू घोडा गायरानात सोडायचा नाही. 15 हँड ही अट घालावी लागली, याचाच अर्थ त्याहून लहान घोडे गायरानांवर भरपूर होते.

म्हणजे टनभराचा घोडा रणांगणाने घडवला नाही. तो घडवला नांगराने, मालाच्या गाडीने, कालव्यातल्या होडीने आणि शहरातल्या दगडी रस्त्याने, तोही मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात. मला ही गोष्ट सरदारांच्या कथेपेक्षा जास्त मोलाची वाटते. शेतकऱ्यांच्या आणि गाडीवानांच्या पिढ्यांनी नजरेने पारखून केलेलं ते काम आहे.

## वशिंड नसलेला प्राणी

बैलाच्या मानेवर जू ठेवलं की ते मागे वशिंडाला अडतं. निसर्गानेच सोय केलेली. घोड्याला वशिंड नाही. त्याच्या मानेवर जू घातलं तर ते घसरतं, आणि पट्टा गळ्याशी बांधला तर ओढताना श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो. यावरचा उपाय म्हणजे कॉलर: गवत किंवा पेंढा भरलेलं, कातड्याने मढवलेलं, लंबगोल जाड कडं. ते मानेत असतं, पण भार खांद्यांवर टेकतो. मूळ चीनकडचं हे साधन मध्ययुगात युरोपात रुळलं आणि घोडा नांगराला जुंपणं परवडू लागलं.

घोडा ओढतो असं आपण म्हणतो. नीट पाहिलं तर तो कॉलरमध्ये खांदे रुतवून पुढे ढकलत असतो. डोकं खाली जातं, मागचे पाय वाकतात, खुराची पुढची कड जमिनीत रुतते आणि मग अंगाचा सगळा भार कॉलरवर येतो. वजन कामी येतं ते इथे. हलक्या घोड्याचे पाय घसरतात, जड घोड्याचे रोवले जातात. कॉलर मात्र प्रत्येक घोड्याच्या मापाची लागते. बोटभर सैल राहिली तरी खांदा सोलून निघतो, आणि आपल्याकडे जुवाने सुजलेला बैलाचा खांदा ज्याने पाहिला आहे त्याला याचं दुखणं वेगळं सांगायला नको.

## शायर: दलदलीचा आणि कालव्यांचा

शायर हा इंग्लंडच्या मध्यभागातला आणि पूर्वेच्या सखल ‘फेन’ पट्ट्यातला: लिंकनशर, केंब्रिजशर, लेस्टरशर, डर्बीशर. या परगण्यांच्या नावांतला ‘शर’ म्हणजे शायर, त्यावरून घोड्याचं नाव. सतराव्या शतकात डच अभियंते फेनची दलदल उपसायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर मोठे काळे घोडे आले असं परंपरा सांगते. पुढे अठराव्या शतकात लेस्टरशरच्या रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने हॉलंडहून घोड्या आणल्या आणि निवडून पैदास करण्याची पद्धत बसवली. मेंढ्या आणि गुरं सुधारणारा म्हणून जग त्याला ओळखतं. इंग्लिश घोड्यावरही त्याचा हात फिरला आहे. 1878 साली या घोड्याची संस्था निघाली, ‘इंग्लिश कार्ट हॉर्स सोसायटी’ या नावाने. 1884 साली नाव बदलून ‘शायर’ झालं.

उंचीला हाच सर्वांत पुढे. पूर्ण वाढलेला नर 17 हँडांच्या खाली सहसा नसतो. कालव्याच्या काठाने चालणारा एक घोडा पंचवीस-तीस टन मालाची होडी ओढत असे. रस्त्यावर त्याच घोड्याला याच्या दहाव्या हिश्शाएवढा मालही जड जाई. पाण्याला घर्षण कमी, एवढंच कारण. पण आगगाडी येण्याआधी इंग्लंडचा कोळसा आणि माती-भांडी ज्या बळावर हलली ते बळ हे होतं.

शायरच्या गुडघ्याखाली लांब, रेशमी केसांचे झुबके असतात. दिसायला देखणे, पण मी शेतकऱ्याच्या नजरेने पाहतो तेव्हा मला त्यात चिखल दिसतो. ते केस ओले राहिले की कातडीला खाज, खरूज, जखमा. शिवाय झुबकेदार पायांच्या जातींमध्ये पायाची सूज वर्षागणिक वाढवणारा एक आजार आढळतो. देखणेपणासाठी पैदास करताना ही किंमत घोडा मोजतो.

## क्लाइड्सडेल: पंचकल्याणी

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या खोऱ्यात, लॅनार्कशर परगण्यात, अठराव्या शतकाच्या मध्यास फ्लँडर्सहून नर घोडे आणले गेले. स्थानिक घोड्यांवर त्यांची पैदास झाली आणि पुढे शायरचंही रक्त मिसळलं. 1877 साली संस्था स्थापन झाली, शायरच्या एक वर्ष आधी.

चारही पाय पांढरे आणि कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा: आपल्याकडे अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात आणि शुभ मानतात. बहुतेक क्लाइड्सडेल असेच. शायरपेक्षा थोडा हलका, पण चाल उमदी. पाय असा उचलतो की मागून चालणाऱ्याला नालाचा तळ दिसावा. स्कॉटिश पैदासकारांनी सगळ्यात जास्त लक्ष दिलं खुरांवर आणि पायांच्या सांध्यांवर. ग्लासगोच्या फरसबंद रस्त्यांवर रोज चालणाऱ्या घोड्याचा खूर गेला की घोडा गेला, हे त्यांना ठाऊक होतं. 1884 ते 1945 या काळात वीस हजारांहून जास्त क्लाइड्सडेल निर्यात झाले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतीत त्यांचा वाटा मोठा.

## सफोक पंच: चिकणमातीचा लाल घोडा

या सगळ्यांत माझा जीव जडला आहे तो सफोकवर. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा सफोक परगणा म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला फेनची दलदल. बाहेरचं रक्त कमी आलं. जमीन भारी, चिकट. आपल्या काळ्या रानात पावसानंतर चाललं की प्रत्येक पावलाला शेरभर माती पायाला लोंबते, तशीच ती माती. अशा रानात झुबकेदार पायांचा घोडा कोण ठेवील? म्हणून सफोकचे पाय जवळजवळ गुळगुळीत, आखूड आणि भक्कम. अंग पिंपासारखं गोल. ‘पंच’ हे नाव त्या गोल, आटोपशीर बांध्यावरून.

रंग एकच, तांबूस. त्याच्या सात छटा मानतात, पण काळा, पांढरा किंवा अबलख सफोक नसतो. आजच्या प्रत्येक सफोकचं बापाकडून कूळ एकाच घोड्यापाशी जाऊन थांबतं: उफर्ड गावच्या थॉमस क्रिस्पचा, 1768 साली जन्मलेला घोडा. एखाद्या जातीचा मूळ पुरुष इतका नेमका सांगता येणं दुर्मीळ आहे.

या घोड्याच्या इमानाची एक परीक्षा सांगतात. त्याला उन्मळून पडलेल्या मोठ्या झाडाला जुंपायचं. झाड हललं नाही तरी चालेल, पण घोड्याने गुडघ्यांवर यावं इतकं ओढून पाहिलं पाहिजे. तेवढं केलं की तो पास.

सफोकच्या शेतकऱ्यांनी हा घोडा स्वतःच्या नांगरासाठी पाळला, फारसा विकला नाही, म्हणून तो बाहेर पसरला नाही. पुढे ट्रॅक्टर आला तेव्हा हीच गोष्ट त्याच्या मुळावर आली. 1966 साली वर्षभरात सफोकची फक्त 9 शिंगरं नोंदली गेली.

## पर्शेरॉन: दौडणारा अवजड घोडा

फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या दक्षिण कडेला पेर्श नावाचा टेकड्या-कुरणांचा मुलूख आहे. तिथला पर्शेरॉन राखाडी नाहीतर काळा, पाय स्वच्छ, चेहरा रेखीव. 732 साली अरब फौजेशी झालेल्या लढाईनंतर हाती लागलेल्या अरबी घोड्यांचं रक्त त्यात आहे अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. नोंदीत बसणारी गोष्ट एवढी की, आजचे सगळे पर्शेरॉन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ज्याँ-ले-ब्लाँ या एका नराच्या वंशातले आहेत.

हा घोडा आधी टपालाच्या आणि प्रवासी गाड्यांचा. भार घेऊन दुडक्या चालीने पळणं हे त्याचं काम. रात्री राखाडी घोडा दिसतो म्हणून तो रंग पसंत केला गेला, असं सांगतात. पुढे पॅरिसच्या रस्त्यांवरचे ओम्निबस त्याने ओढले. आगगाडी आली, प्रवासी गाड्या बंद पडल्या, तशी मागणी बदलली. शेतासाठी आणि मालगाड्यांसाठी जास्त जड घोडा हवा झाला आणि काही दशकांत पर्शेरॉन जाड झाला. मग अमेरिकी गिऱ्हाईक आले, त्यांना काळा रंग आवडे, तसे काळे पर्शेरॉन वाढले. बाजार एका जातीचं अंग किती लवकर बदलतो, ते इथे स्पष्ट दिसतं. 1930 साली अमेरिकेतल्या शुद्ध जातीच्या अवजड घोड्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त पर्शेरॉन होते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी फ्रान्सच्या चिखलात तोफा ओढणारे पर्शेरॉन पाहिले. झुबके नसलेला पाय खरवडून लगेच साफ होतो, याची किंमत त्यांना तिथे कळली. 1918 साली ब्रिटनमध्येही पर्शेरॉनची संस्था निघाली.

## ब्रॅबंट: समुद्रात उतरणारा

बेल्जियमचा ब्रॅबंट हा बुटका वाटतो, कारण तो रुंद आहे. मान आखूड आणि प्रचंड, मागच्या मांड्यांना मधोमध खाच, पाय खांबासारखे. भारी मातीतल्या नांगरासाठी घडवलेला. अमेरिकेत गेलेल्या त्याच्या वंशाला ‘बेल्जियन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्हीकडची पैदास वेगळी झाली. तिकडे उंच, सडपातळ, तांबूस अंगाचा आणि पिवळट आयाळीचा घोडा पसंत पडला. मायदेशात रुंद आणि करड्या-तांबड्या मिश्र रंगाचा राहिला. ब्रुकलिन सुप्रीम आणि बिग जेक हे अमेरिकेतल्या शाखेचे.

ओस्टडुइनकेर्क या बेल्जियमच्या किनारी गावात हा घोडा आजही कोळंबी धरतो. ओहोटीच्या सुमारास पिवळा रेनकोट घातलेला कोळी घोड्यावर बसतो आणि घोडा छातीभर पाण्यात शिरून किनाऱ्याला समांतर चालू लागतो. मागे नरसाळ्यासारखं जाळं. त्याचं तोंड दोन फळ्यांनी ताणलेलं. तळाशी वाळूवरून साखळी घासत जाते, तिच्या थरथरीने वाळूतली कोळंबी उसळी मारते आणि जाळ्यात येते. घोड्याच्या दोन्ही अंगांना टोपल्या लटकवलेल्या, काठावर आलं की माल निवडून त्यात टाकायचा. लाटांमध्ये, ओल्या वाळूत, मागे ओढणारं जाळं घेऊन न बुजता चालायला थंड डोक्याचा आणि जड घोडाच लागतो. 2013 साली युनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. आपल्या रापणकरांना ही कोळंबी अगदी बारीक वाटेल, पण ओहोटीची वाट बघणं दोन्हीकडे सारखं.

## आणखी काही

फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवरचा आर्देन फार जुना, नेपोलियनच्या रशियाच्या मोहिमेत तोफखान्याला होता. बूलोन्ये समुद्राची ताजी मासळी पॅरिसला पोहोचवायचा. पश्चिम फ्रान्सचा प्वातव्हँ मात्र ओढण्यापेक्षा आई म्हणून नावाजला: त्याच्या घोड्यांना तिथल्या मोठ्या गाढवांपासून उत्तम खेचरं होत. ऑस्ट्रियाचा नोरिकर डोंगरवाटांचा, त्यात ठिपकेदार अंगाचेही घोडे निघतात.

## आपल्याकडे का नाहीत?

एक कारण बैल. वशिंड, साधं जू, कडब्यावर गुजराण आणि उन्हाची सवय असताना महाग चंदी खाणारा घोडा नांगराला कोण जुंपणार? हजार किलोंच्या घोड्याला रोज वीसेक किलो कोरडी वैरण-चंदी लागते. दुसरं कारण ऊन. अंग जितकं मोठं, तितकं वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्र कमी, आणि आतली उष्णता बाहेर टाकणं तितकं अवघड. थंड, ओल्या हवेत जे वरदान, ते विदर्भातल्या मे महिन्यात संकट ठरेल.

आपला दख्खनी घोडा, भीमथडी, अवजड घोड्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाचा: लहानखुरा, काटक, थोड्या चाऱ्यावर डोंगर चढणारा. भीमेच्या काठाने आणि घाटवाटांनी त्याला घडवलं. ब्रिटिश फौजेसाठी ऑस्ट्रेलियातून बोटीने हजारो ‘वेलर’ घोडे इथल्या बंदरांत उतरत, त्यांच्यात क्लाइड्सडेलचं थोडं रक्त होतं. अवजड घोड्यांचा आपल्याशी थोडा संबंध आला तो असा.

## आज

ट्रॅक्टरने अवजड घोड्यांचं काम काढून घेतलं, आणि काम गेलेलं जनावर कोण पोसणार? फ्रान्समधल्या अनेक जाती मांसासाठी पाळल्या गेल्या म्हणून टिकल्या. ऐकायला कडू आहे, पण नोंदवलं पाहिजे. अमेरिकेत ट्रॅक्टर टाळणाऱ्या आमिश समाजाची शेती अजून बेल्जियन आणि पर्शेरॉनवर चालते, आणि तिथे हे घोडे खऱ्या अर्थाने सुखरूप आहेत, कारण रोज जुंपले जातात. युरोपात काही जंगलांतून ओंडके बाहेर काढायला पुन्हा घोडे वापरतात, कारण यंत्राची चाकं माती दाबून टाकतात आणि घोडा दोन झाडांमधून वळसा घेऊन निघतो.

सफोक मात्र अजून काठावर आहे. जात वाचवायची तर घोड्या हव्यात, आणि आधीच थोडी असलेली शिंगरं नर निघाली तर वर्ष वाया जातं. म्हणून लिंगनिवड केलेल्या वीर्याचा प्रयोग झाला. 2020 साली इंग्लंडमध्ये त्यातून सफोकचं एक शिंगरू जन्मलं. तांबूस, आखूड पायांचं, आणि मादी.